दहा डॉलर तासाला, पण किती तासांचे?

पोकर नेमानं खेळणारा माणूस एकूण किती जिंकलो ते क्वचितच सांगतो. ताशी किती सुटतात, ते सांगतो. 'एक-दोनच्या टेबलावर तासाला वीस डॉलर पडतात' असं तो म्हणाला की ऐकणाऱ्याला पगार ऐकल्यासारखं वाटतं. पण पगार आधी ठरतो आणि मग हातात येतो. हा आकडा झालेल्या जमाखर्चाला तासांनी भागून काढलेला असतो, आणि तास थोडे असले की त्या भागाकारातून काय वाटेल ते उत्तर निघतं.

एक-दोन म्हणजे दर डावात दोन खेळाडूंनी पत्ते हातात येण्याआधीच एक आणि दोन डॉलर लावायचे. पाळी टेबलाभोवती फिरत राहते. यातल्या दोन डॉलरच्या सक्तीच्या बोलीला बिग ब्लाइंड म्हणतात. टेबल लहान असो वा मोठं, कमाई त्याच मापानं मोजली की तुलना करता येते. लास वेगासच्या कसिनोंत नो-लिमिट होल्डेमची, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेल्या पोकरची, सगळ्यात स्वस्त टेबलं एक-दोन किंवा एक-तीनची असतात. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसानं जागतिक स्पर्धेचं २५ लाख डॉलरचं पहिलं बक्षीस नेलं, आणि त्यानंतर या टेबलांवर हौशी लोकांची रीघ लागली. त्याआधी स्वस्तातला खेळ म्हणजे लिमिट होल्डेम, ज्यात बोली ठरलेल्या रकमेचीच असते. तिथे तासाला एक 'बिग बेट', म्हणजे ठरलेल्यांतली मोठी बोली, सुटली की खेळाडू चांगला, असं जुनं माप होतं. नो-लिमिटला ते लागू पडत नाही.

मग चांगला दर कुठला? माझं उत्तर: तासाला पाच बिग ब्लाइंड, म्हणजे एक-दोनवर दहा डॉलर, हा खरोखर चांगला दर. दहा बिग ब्लाइंड, म्हणजे वीस डॉलर, हे जवळजवळ छत. त्याहून जास्त सांगणाऱ्याचे तास कमी असतात किंवा विसरण्याची शक्ती दांडगी असते.

दहा डॉलर ऐकून नाक मुरडण्याआधी त्या टेबलावरून दर तासाला काय निघून जातं ते पाहावं. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर मालक नाल काढतो. कसिनोत त्याला रेक म्हणतात. साधारण रीत अशी, की पॉटचा, म्हणजे डावात जमलेल्या रकमेचा, दहावा हिस्सा, ठरावीक मर्यादेपर्यंत, कसिनो घेतं आणि वर एखादा डॉलर जॅकपॉटच्या निधीत टाकतं. काही पॉट छोटेच राहतात, म्हणून सरासरी डावामागे चार डॉलर धरू. तासाला साधारण ३० डाव होतात, म्हणजे १२० डॉलर गेले. नऊ खुर्च्यांत वाटले तर प्रत्येकी तेरा. शिवाय पॉट जिंकणारा डीलरला एक डॉलर टिप देतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तासाला तीनेक पॉट येतात. म्हणजे टेबलावरचा सरासरी माणूस, कुणाहून डावा नाही की उजवा नाही असा, तासाला सोळा डॉलर हरतो. आठ बिग ब्लाइंड! कुणीही चूक न करता.

म्हणून ताशी शून्य राखणारा खेळाडू टेबलावरच्या बहुतेकांपेक्षा सरस असतो. दहा डॉलर सुटणारा तर सरासरीच्या सव्वीस डॉलर पुढे असतो. स्वस्त टेबलावर रेक खेळाच्या मानानं जड पडतो, कारण पॉट लहान असला तरी कापला जाणारा तुकडा मोठ्या टेबलाइतकाच राहतो. चतुर खेळाडू समोरच्यांचे चेहरे वाचण्याआधी भिंतीवरची रेकची पाटी वाचतो.

ऑनलाइन खेळणाऱ्यांना हे दर अविश्वसनीय वाटतात. तासाला पाच बिग ब्लाइंड म्हणजे शंभर डावांमागे सोळा-सतरा, आणि ऑनलाइनवर पाच सुटले तरी लोक खूश असतात. फरक माणसांचा आहे. एक-दोनच्या टेबलावर सुट्टीवर आलेला माणूस पत्ते टाकून द्यायला आलेला नसतो. तो दुरी-तिरी घेऊनही फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडले जाणारे पहिले तीन पत्ते, बघतो. डाव मात्र तासाला तीसच. त्यामुळे प्रत्येक डावात घसघशीत फायदा असूनही तासाची कमाई किरकोळ राहते. नेवाडा राज्यात जुलै २०२४ पासून किमान वेतन ताशी १२ डॉलर आहे, म्हणजे माझ्या 'चांगल्या' खेळाडूपेक्षा त्याच कसिनोत किमान वेतनावर राबणारा कामगार तासाला दोन डॉलर जास्त घेतो. आणि त्या कामगाराला एखाद्या रात्री चारशे डॉलर घरून आणून भरावे लागत नाहीत.

खरी गंमत आहे ती चढउतारात. एक-दोनच्या टेबलावर तासाच्या निकालाचं प्रमाण विचलन ढोबळमानानं शंभर डॉलर धरतात. सरासरी दहा, आणि तिच्याभोवतीचं हेलकावणं शंभर. तास वाढतील तशी ताशी दरातली अनिश्चितता घटते, पण वर्गमुळाच्या हिशेबानं. शंभर तासांनंतर ती दहा डॉलर उरते, चारशेनंतर पाच, सोळाशेनंतर अडीच. तास चौपट करावेत तेव्हा ती निम्मी होते.

यातून निघणारी गोष्ट खेळाडूंना पचत नाही. ज्याचा खरा दर शून्य आहे अशा माणसाला शंभर तासांअखेर ताशी दहा किंवा अधिक सुटलेले दिसण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. उलट ज्याचा खरा दर दहा आहे, तो शंभर तासांनी तोट्यात असण्याची शक्यताही तेवढीच. आठवड्याला पाच तास खेळणाऱ्याला सोळाशे तास व्हायला सहा वर्षं लागतात. तोवर रेक वाढलेला असतो, ओळखीचे 'मासे', म्हणजे हमखास हरणारे हौशी, शहाणे झालेले असतात किंवा यायचे थांबलेले असतात, आणि आपण मोजत होतो तो दर ज्या खेळाचा होता तो खेळच राहिलेला नसतो. मेसन मालमथ यांनी १९८०च्या दशकातच प्रमाण विचलनाचा हा मुद्दा जुगाराच्या पुस्तकात मांडला. तरी आजही पन्नास तासांच्या नोंदीवर लोक नोकरी सोडायचा विचार करतात.

नोंदी तरी धड कुठे असतात? पाच तास हरत बसलेला माणूस 'थोडाच वेळ खेळलो' म्हणतो. टिप, पार्किंग, टेबल मिळेपर्यंतचं ताटकळणं वहीत चढत नाही. शिवाय दर डॉलरमध्ये सांगितला तर टेबलही सांगायला हवं: एक-दोनवरचे दहा डॉलर म्हणजे पाच बिग ब्लाइंड, एक-तीनवर जेमतेम सव्वातीन.

महाराष्ट्रात हा खेळ कायदेशीर कसिनोत खेळायची सोय नाही. १९७६चा कसिनोंचा कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. इथला खेळाडू पणजीला मांडवी नदीतल्या कसिनोंच्या जहाजांवर जातो. तिथे त्याच्या दराला रेकशिवाय आणखी एक वाटेकरी भेटतो तो आयकर. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. अमेरिकेत ती वजा होते, फक्त २०२६ पासून ९० टक्क्यांपर्यंतच. वरचाच हिशेब इथे लावून पाहा. ताशी दहाचा खेळाडू पाच तासांची बैठक मारतो तेव्हा सरासरी पन्नास सुटतात. पण जिंकलेल्या बैठका तेवढ्या वेगळ्या काढून त्यांच्यावर कर मोजला, तर तो दर बैठकीमागे सरासरी पस्तीसच्या घरात जातो. पाच तासांचे उरले पंधरा, म्हणजे तासाला तीन. त्यातून पणजीचं जाण्यायेण्याचं भाडं अजून वजा व्हायचं आहे.