पाना, मल्टिमीटर आणि दहावीनंतरची तीन वर्षं

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे–नगर रस्त्यावर. त्याला ७४ वर्षं झाली त्या दिवशी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाने ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू केली, तीही याच रस्त्यावर. दोन्हींच्या मधल्या काळात, १९७२ मध्ये, फिरोदियांची लुना आली. पन्नास सीसीची, पॅडल असलेली ही मोपेड नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर परत आली. लष्कराच्या वाहनांचं संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही नगरमध्येच आहे. गाड्या बनवणं, चालवणं, तपासणं यांत आपला जिल्हा कधीच मागे नव्हता. तरीही जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या अकोले तालुक्यातला मुलगा या धंद्याकडे वळतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा एकच वाट असते. बारावीचा निकाल लागला की चाकणला किंवा सिन्नरला खोली घ्यायची, कंत्राटदाराकडे नाव लावायचं आणि ‘कंपनीत लागलो’ असं घरी कळवायचं.

या वाटेला मी नावं ठेवणार नाही. कोतूळ-राजूरकडच्या पावसावरच्या शेतीत वर्षभराचा रोकडा पैसा सुटत नाही, तेव्हा दरमहा खात्यावर येणारी रक्कम घराला मोठा आधार देते. पण लाइनवर वर्षभर एकाच जागी एकच बोल्ट आवळणाऱ्या मुलाला गाडी कळत नाही. कंत्राट संपलं की हातात ना प्रमाणपत्र उरतं, ना कसब. तीन-चार वर्षांनी तो पुन्हा गावच्या बसस्टँडवर उभा असतो आणि वय मात्र तेवीस झालेलं असतं. दहावी-बारावीनंतरची हीच वर्षं शिकण्यात घातली तर पुढची तीस वर्षं बदलतात. हा लेख त्या वर्षांबद्दल आहे.

मुळात धंदाच बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले. बहुतेक नव्या मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते त्याच्या आदल्या वर्षी. डिझेल पिकअपमधला कॉमन रेल पंप आज दीड-दोन हजार बारच्या दाबाने इंधन फवारतो. एवढ्या दाबाची गळती बोटाने चाचपायला गेलं तर डिझेल कातडीखाली शिरतं आणि बोट गमावण्याची वेळ येते. पूर्वीचा मिस्त्री कानाने इंजिन ओळखायचा, प्लगचा रंग पाहून मिश्रण सांगायचा. ती विद्या खोटी ठरलेली नाही, पण एकटी ती आता पुरत नाही. गाडीतला कॉम्प्युटर काय म्हणतो हे वाचता आलं पाहिजे, आणि तो जे सांगतो त्यावर आंधळा विश्वास न ठेवण्याइतकी समजही हवी.

एक उदाहरण घेऊ. स्कॅनरवर ‘पी-०१७१’ असा कोड आला. त्याचा अर्थ इतकाच, की हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आहे. अर्धवट शिकलेला मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदलतो, गिऱ्हाइकाचे काही हजार जातात आणि दिवा पुन्हा लागतो. खरं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतं, दमलेला पेट्रोल पंप असू शकतो किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळही. कोणतं कारण आधी तपासायचं, कोणतं नंतर, हे ठरवणं म्हणजे निदान. आजच्या ऑटोमोबाइल तंत्रज्ञाला पगार मिळतो तो या निदानाचा. पाना फिरवणारे हात पुष्कळ आहेत.

याची तयारी शाळेतच सुरू होते, आणि ही गोष्ट आपल्याकडे कुणी मुलांना सांगत नाही. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हा धडा आहे, दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’. ओहमचा नियम दोन गुणांसाठी पाठ करून मुलं सोडून देतात. तोच नियम गॅरेजात रोज लागतो. समजा, पिकअप सेल्फ घेत नाही. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावायचा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल सडली आहे किंवा तिचा नट ढिला आहे. मग नवी बॅटरी लागत नाही, नवा स्टार्टरही लागत नाही. सँडपेपरने टोक घासून नट आवळला की गाडी सुरू. दहावीतल्या मुलाला हे करून दाखवलं तर तो धडा त्याला परीक्षेनंतरही आठवेल. इंग्रजीचंही तसंच. वायरिंगचे नकाशे आणि सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीतच येतात. ती वाचण्यापुरतं इंग्रजी लागतं. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालतं.

दहावीनंतरच्या वाटा तीन-चार आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा, आणि अलीकडे इलेक्ट्रिक व्हेइकलचाही ट्रेड आला आहे. सगळे ट्रेड सगळ्या आयटीआयमध्ये नसतात, म्हणून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या (डीव्हीईटी) संकेतस्थळावर पर्याय भरताना अकोल्याबरोबर संगमनेर, सिन्नर, नाशिकही पाहावं. अकरावी-बारावी विज्ञानच करायचं असेल तर काही कनिष्ठ महाविद्यालयांत ‘स्कूटर अँड मोटारसायकल सर्व्हिसिंग’ हा दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेता येतो. पालक त्याला गुण मिळवून देणारा सोपा विषय समजतात. मुलाने तो मनापासून केला तर पुढचं बरंच सोपं जातं. तिसरी वाट पॉलिटेक्निकची, म्हणजे ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा. संगमनेर, लोणी, नगर, नाशिक या सगळ्या ठिकाणी पॉलिटेक्निक आहे.

बहुतेक पालकांना एक गोष्ट ठाऊक नसते. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, असं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही शिडी चढून गेलेल्या मुलाला वर्कशॉपमधलं काम आणि वर्गातलं गणित दोन्ही येतं. माझ्या मते अकोल्यासारख्या तालुक्यातल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलासाठी हीच वाट सगळ्यांत भक्कम आहे. मधे कुठेही थांबलं तरी हातात काहीतरी कमाईचं साधन असतं.

आता ॲप्रेंटिसशिपबद्दल, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली झालेली ॲप्रेंटिसशिप आणि कंत्राटदाराने ‘ट्रेनी’ म्हणून दिलेलं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायद्याच्या ॲप्रेंटिसशिपमध्ये करार नोंदवला जातो, काय शिकवायचं ते ठरलेलं असतं, २०१९ च्या नियमांनी ठरवलेलं किमान विद्यावेतन मिळतं (त्या वेळी आयटीआय उत्तीर्णासाठी ते ७००० रुपये होतं), आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येतं. तीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. दुसरीकडे ‘कमवा आणि शिका’ अशा गोंडस नावाखाली लाइनवर उभं करणाऱ्या योजना असतात. ‘नीम’ ही २०१३ मध्ये सुरू झालेली आणि आता बंद झालेली योजना पुणे पट्ट्यातल्या हजारो मुलांना आठवत असेल. पगार थोडा बरा असतो म्हणून मुलं तिकडे वळतात. सही करण्याआधी एवढंच विचारावं: करार ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे का? शेवटी परीक्षा आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती मजुरी आहे, आणि ती मजुरी समजूनच स्वीकारावी.

चांगली ॲप्रेंटिसशिप मिळवायला लांब जावं लागतं असंही नाही. एसटी महामंडळ आपल्या आगारांत आणि विभागीय कार्यशाळांत मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वीजतंत्री, वेल्डर यांना शिकाऊ म्हणून घेतं. तिथे बसचा ब्रेक, एअर सिस्टीम, क्लच असं सगळं हाताखालून जातं. मोठ्या गाडीवर हात बसलेला मुलगा लहान गाडीला घाबरत नाही. कळसूबाईची रांग ओलांडली की घोटी, आणि शेजारीच इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना. पुढे नाशकात महिंद्राच्या गाड्या बनतात आणि सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्शनचे भाग. दक्षिणेला चाकण-पिंपरीचा पट्टा, जिथे बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन, टाटा सगळे आहेत. अकोले या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध वसलं आहे.

मुलींच्या आई-वडिलांशी मला विशेष बोलायचं आहे. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर-सफारीची एक पूर्ण असेंब्ली लाइन मुली चालवतात. वायरिंग हार्नेस, बॅटरी पॅकची जुळणी, निदान, सर्व्हिस सेंटरचा सल्लागार विभाग, सुटे भाग ही सगळी नेमकेपणाची कामं आहेत. २०२४-२५ पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. आदिवासी मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वयंम’ योजनेतून राहण्या-जेवण्याची रक्कम थेट खात्यावर येते. राजूरच्या प्रकल्प कार्यालयात याची चौकशी जूनच्या आत करावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढायला गेलं की रांग लागते आणि प्रवेश हुकतो.

विजेच्या गाड्यांची भीती आणि हौस दोन्ही सध्या फार आहे. स्कूटरची बॅटरी साधारण पन्नास ते सत्तर व्होल्टची असते, मोटारीची तीनशे-चारशेच्या पुढे. मोटारीतल्या नारिंगी केबलला प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावूच नये. आधी रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला ठरलेली मिनिटं थांबायचं, हातमोजे न काढता मीटरने शून्य व्होल्टची खात्री करायची, मगच काम. हे शिकवणारा शिक्षक आणि साधनं असलेला वर्ग मिळाला तरच इलेक्ट्रिकचा अभ्यासक्रम घ्यावा. प्रमाणपत्र मिळतं एवढ्यासाठी घेऊ नये. डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टर आपल्या तालुक्यात पुढची कित्येक वर्षं धावणारच आहेत, तेव्हा दोन्हींचं ज्ञान असलेला माणूस उपाशी राहणार नाही.

आणि परत येणाऱ्यांसाठी इथे काम आहे, भरपूर आहे. दुधाचे टेम्पो, टोमॅटोचे पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, भंडारदऱ्याला येणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, आणि तिथे राहणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची वेगळी काळजी घ्यावी लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक तापला की तेच ऑइल उकळतं, पाइपात वाफ धरते आणि पॅडल थेट तळाला जातं. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्याचा ब्रेक आणखी लवकर दगा देतो, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, हे गिऱ्हाइकाला कारणासकट समजावून सांगणारा मेकॅनिक घाटातल्या गावांना हवा आहे. त्याचं गॅरेज उभं करायला पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातून सेवा व्यवसायासाठी वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प मांडता येतो. ग्रामीण भागात अनुदान सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटाला ३५ टक्के मिळतं.

डिप्लोमा झालेल्यांनी एमपीएससीची सहायक मोटार वाहन निरीक्षक ही परीक्षाही डोळ्यांसमोर ठेवावी. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमावर ती देता येते. आपल्या गाड्यांवर एमएच-१७ लावणाऱ्या श्रीरामपूरच्या कार्यालयात अकोल्याचा एखादा निरीक्षक बसावा असं मला फार वाटतं.

शेवटी एक मागणी. आज तालुक्यातल्या गॅरेजांत पंधरा-वीस वर्षं हात काळे केलेले मिस्त्री आहेत. त्यांच्या हाताखाली सातवी-आठवीतून शाळा सोडलेली पोरं आहेत. नव्या गाड्या त्यांच्या दारातून परत जातात, कारण स्कॅनर नाही आणि शिकवायलाही कुणी नाही. अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून आयटीआयची ट्रेड परीक्षा देण्याची सोय नियमांत आहे. तिची माहिती गॅरेजापर्यंत पोहोचलेली नाही. अकोल्याच्या आयटीआयने संध्याकाळी सहा ते आठ असा वर्ग सुरू करावा. एक बीएस-६ इंजिन, एक विजेची स्कूटर, दोन स्कॅनर, डझनभर मल्टिमीटर एवढं सामान पुरेल. खर्चासाठी अगस्ती साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, वाहनांचे विक्रेते यांच्याकडे शब्द टाकता येईल, कारण या सगळ्यांच्या गाड्या याच रस्त्यांवर बंद पडतात. ज्याला यात वेळ किंवा पैसा देता येईल त्याने या दिवाळीच्या सुट्टीनंतर आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन भेटावं.