कर्करोगी पेशी आणि साखर

कर्करोगाच्या शोधासाठीं ‘पेट स्कॅन’ करावयाचा असला, कीं रोग्यास आधीं चार ते सहा तास उपाशी राहावयास सांगतात. आमच्या हडपसरांतहि आतां हें अनेक घरांना ठाऊक आहे. कारण मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

रक्तांतील ग्लुकोज, म्हणजे साखर, पेशीच्या पडद्यांतून सहज झिरपत नाहीं. तिच्यासाठीं पडद्यांत प्रथिनांचीं दारें असतात. पेशी कर्करोगी झाली, कीं पुष्कळदां हीं दारें वाढतात. निरोगी पेशी प्राणवायूच्या साहाय्यानें साखर पूर्ण जाळून एका रेणूपासून एटीपी नांवाचे सुमारें ३० शक्तिकण मिळविते. कर्करोगी पेशी प्राणवायु हाताशीं असूनहि बरीचशी साखर अर्धवट मोडून तिचें दुग्धाम्ल करिते. पदरांत पडतात अवघे २. हा उधळेपणा ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखविला. पेशीचें श्वसन बिघडणें हेंच रोगाचें मूळ, हा त्यांचा तर्क टिकला नाहीं, निरीक्षण टिकलें. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशीला नव्या पेशी बांधण्यास कच्चा माल हवा असतो, आणि तो अर्धवट मोडलेल्या साखरेंतून मिळतो. घर बांधणाऱ्यास सरपणापेक्षां विटांची निकड अधिक!

तपासणींत ग्लुकोजसारख्या रेणूस किरणोत्सर्गी फ्लुओरिन जोडून तो शिरेंतून टोंचतात. पेशी त्यास साखर समजून आंत घेते, पहिला संस्कारहि करिते. पुढची क्रिया त्याच्यावर चालत नाहीं, म्हणून तो आंतच अडकतो व यंत्रास दिसतो. हा फ्लुओरिन ११० मिनिटांत निम्मा होतो. तो जवळच तयार करण्यासाठीं मुंबईस परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें २००२ सालीं देशांतील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला. जेवण झालेलें असेल, तर इन्शुलिनमुळें स्नायूच तो रेणु ओढतात व चित्र बिघडतें. मेंदु तर नेहमींच उजळतो. क्षयाची गांठहि उजळते. म्हणून नुसत्या उजेडावरून निदान होत नाहीं, तुकडा काढून तपासावा लागतो.

यावरून रोग्याची साखर, फळें, भातसुद्धां तोडण्याची चाल पडूं लागली आहे. माझ्या परिचयाच्या एका घरीं आजींना पंधरा दिवस भाकरीचा तुकडा दिला नव्हता. परंतु अन्न तोडलें तरी यकृत स्नायूंतील प्रथिनांपासून साखर करून रक्तांतील प्रमाण राखतें. मेंदूसाठीं त्यास तें करावेंच लागतें. गांठीला साखर मिळत राहते, झडतें तें आजींचें अंग; आणि औषधें सोसावयास तर अंगांत बळ हवें. मधुमेह्यानें साखरेचें पथ्य अवश्य पाळावें, पण तें मधुमेहाचें पथ्य होय.