त्या आसनाची किंमत कुणी मोजली?

शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला निघालेली आपली मुले भेटायला येतात, तेव्हा व्हिसा आणि फी यांच्यानंतर त्यांचा हमखास प्रश्न असतो : तिथे फिरायचे कसे?

न्यूयॉर्कमध्ये ही अडचण नाही. तिथली भुयारी रेल्वे रात्रंदिवस चालते आणि एकदा भाडे भरले की शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाता येते. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हाही ११६व्या रस्त्यावर विद्यापीठाच्या दारात ही रेल्वे धावत होती. दक्षिणेकडे मात्र चित्र बदलते. अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरी येथे आज प्रवासी रेल्वेच जात नाही. अटलांटा किंवा बर्मिंगहॅमपर्यंत रेल्वेने जायचे, पुढे बस नाहीतर मोटार. मोटार चालवायची असेल तर इथूनच आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो वर्षभर चालतो.

एवढी यातायात करूनही मॉन्टगोमेरीला जाच, असे मी या मुलांना आवर्जून सांगतो. कारण अमेरिकेत आज कुणीही कुठल्याही आसनावर बसतो, तो हक्क कुणी दान दिलेला नाही.

१८९२ साली न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी हे गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात मुद्दाम बसले आणि अटक करून घेतली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. 'वेगळे पण समान' या गोंडस नावाखाली विषमतेला कायद्याचे कवच मिळाले! सात न्यायमूर्ती एका बाजूला, विरोधात एकटे हार्लन.

पुढची लढाई बसमध्ये झाली. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. त्याच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीनेही तेच केले होते. ५ डिसेंबरपासून काळ्या समाजाने बसवर बहिष्कार टाकला. काळ्या टॅक्सीचालकांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, माणसे नेली. तेव्हा शहराने किमान भाड्याच्या नियमाचा बडगा उगारला. मग समाजाने आपल्या मोटारी बाहेर काढल्या. त्यांचे विमे रद्द झाले, तर लंडनहून विमा मिळवला. उरलेले पायी चालले. एकूण ३८१ दिवस!

दुसरीकडे कोल्विनसह चार स्त्रिया न्यायालयात उभ्या होत्या. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरवला. तारीख नीट पाहा. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा महिना होत आला होता आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेवीस दिवस उरले होते.

वाहन आणि विटाळ यांचे नाते आपल्याला नवे नाही. लहानपणी मसूर स्टेशनवर उतरलेल्या भीमरावाला आणि भावंडांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी स्वतः हाकावी लागली; गाडीवान बाजूने चालला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला, नवख्या माणसाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेब जायबंदी झाले. तोवर ते बॅरिस्टर झालेले होते! पदवीने विटाळ जात नाही, तसा नुसत्या मोटारीनेही जात नाही. मोटार असलेल्या काळ्या माणसालाही वाटेत खोली कुठे मिळेल याची धास्ती असे. म्हणून हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन या टपालवाल्याने १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज सरली.

वकील म्हणून मला यात एकच धडा दिसतो. १८९६ साली मूठभर लोकांनी केलेला दावा हरला. १९५६ साली दाव्यामागे रोज मैलोन्‌मैल चालणारा अख्खा समाज होता. कोर्टातला अर्ज आणि रस्त्यावरचे पाय एकत्र आले की आसन मिळते.

परदेशी गाडीत खिडकीजवळ बसणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे. आणि परत आल्यावर, ज्यांना अजून जागा मिळालेली नाही त्यांच्यासाठी चार पावले चालावे. जय भीम!