हरवलेल्या मुक्या जिवाचा शोध : काही ज्ञातव्य बाबी

• प्रथम शोध : घरातच वाढलेले मांजर वाट चुकले असता बहुधा दूर न जाता जिन्याखाली, अडगळीत वा उभ्या मोटारीखाली निःशब्द दडून बसते, कुत्रा मात्र फटाक्यांच्या आवाजाने भयभीत झाल्यास पुष्कळ दूरवर धावत जातो.

• मायक्रोचिप : दोन खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसविलेली, तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप ठावठिकाणा कळवीत नाही, वाचकयंत्र जवळ नेल्यावर ती सामान्यतः १५ अंकी क्रमांक देते, आणि त्यापुढे मालकाचा चालू पत्ता नोंदलेला असेल तरच तिचा उपयोग होतो.

• कानाची खाच : ही निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याची खूण होय, मालकीची नव्हे.

• सापडणाऱ्याचे दायित्व : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ अन्वये सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते, कलम १६८ अन्वये मालकाने जाहीर केलेल्या इनामासाठी त्यास दावा लावता येतो. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ताच होय.

• कोंडवाडा : १८७१ च्या मूळ गुरे-अतिक्रमण कायद्यानुसार, कोंडलेल्या जनावरावर ७ दिवसांत कोणी हक्क न सांगितल्यास पोलिस ठाण्यात नोटीस लावून गावात व नजीकच्या बाजारात दवंडी पिटावयाची, आणि आणखी ७ दिवसांनी लिलाव करावयाचा. कुत्री-मांजरे या तरतुदीत येत नाहीत.

• हरवणे व टाकून देणे : वाजवी कारणावाचून प्राणी टाकून देणे हा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये अपराध आहे.