दीर्घायुषी मंडळ्या

मॉस्कोत 1969 साली आंद्रेई माकारेविच याने शाळासोबत्यांसह ‘माशिना व्रेमेनी’ हे रॉक-मंडळ काढले, लेनिनग्राडात 1972 मध्ये बोरिस ग्रेबेन्शिकोव आणि अनातोली गुनित्स्की यांनी ‘अक्वारियुम’ उभारले, आणि अर्धशतक उलटूनही ही नावे लोकांच्या ओठी राहिली, याचा मोठा विस्मय केला जातो. परंतु कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्या बेचक्यातील देवबागेतून पाहणाऱ्याला तो तितकासा वाटत नाही, कारण आमच्या सिंधुदुर्गात आजगावकर, मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर अशा दशावतारी, म्हणजे जत्रांतून रात्रभर लोकनाट्य करणाऱ्या, मंडळ्यांची नावे पिढ्यानुपिढ्या चालत आली आहेत.

रशियन मंडळ्यांचा झगडा सरकारी दफ्तराशी होता. 1981 मध्ये उघडलेल्या लेनिनग्राड रॉक क्लबात गीतांचे शब्द आधी मंजूर करून घ्यावे लागत, ध्वनिमुद्रिकांचा मक्ता सरकारी ‘मेलोदिया’कडे होता, त्यामुळे गाणी नकललेल्या फितींवरून आणि घरगुती मैफलींतून पसरली. 1980 च्या तिबिलिसी महोत्सवानंतर ग्रेबेन्शिकोवची नोकरी गेली, आणि 2023 मध्ये, माकारेविचच्या पाठोपाठ, त्याच्यावरही ‘परकीय हस्तक’ असा सरकारी शेरा बसला.

दशावतारात मंजुरीसाठी पुढे करावा असा कागदच नसतो. जत्रेत देवाची पालखी देवळाभोवती फिरून आली, की मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावताराला, म्हणजे पूर्वरंगाला, आरंभ होतो; गणपती, रिद्धि-सिद्धि, सरस्वती येऊन जातात, आणि काळ्या वेषातला, लाल जीभ काढलेला संकासुर मालवणीत गावातल्या मानकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांची यथेच्छ टर उडवतो. त्यानंतरचे आख्यान कोणते हे नटांना प्रयोगापूर्वी थोडाच वेळ कळते. संवाद जागच्या जागी रचायचे, स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या, पेटी, मृदंग आणि झांज यांनी पदे तोलून धरायची, आणि एका साध्या बाकड्याला कधी सिंहासन, कधी पर्वत म्हणायचे. पहाटे दहीकाला झाला म्हणजे सामानाचा पेटारा उचलायचा. पूर्वी तो डोक्यावरून पायी नेत. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास हा खेळ कोकणात रुजवला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती खरी धरली तर मराठी रंगभूमीचा आरंभ मानले जाणारे सांगलीतील 1843 चे ‘सीता स्वयंवर’ शतकाहून अधिक धाकटे ठरते, आणि हे आम्ही कोकणवासी अंमळ अभिमानानेच सांगतो!

माझ्या मते या दीर्घायुष्याचे कारण प्रतिभेत शोधणे व्यर्थ आहे. ‘अक्वारियुम’मधील वादक वरचेवर बदलले तरी मंडळ जगले ते एका ग्रेबेन्शिकोवच्या आधारावर, दशावतारी मंडळीला असा एकखांबी आधार लागत नाही, कारण तिचा खरा खावंद देवस्थान असते, कित्येक जत्रांत अमुक मंडळीनेच खेळ करावा हा परंपरेचा मान वतनासारखा चालतो, आणि राजा, राक्षस, नारद यांची पात्रे नट गेला तरी शिल्लक राहतात. धुराच्या आणि यंत्रांच्या करामती दाखवणाऱ्या ‘ट्रिकसीन’ने आणि निरनिराळ्या मंडळ्यांतले नामांकित नट एकत्र आणणाऱ्या ‘संयुक्त दशावतारा’ने गर्दी वाढवली हे नाकारता येत नाही, मात्र धुराच्या लोटात शब्दांची धार बोथट होते, असे माझे स्पष्ट मत आहे. 2025 च्या ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेल्या वृद्ध नटामुळे शहरांतून चौकशी वाढली, तेवढ्याने मंडळीला नवा पोरगा मिळत नाही. त्रिपुरी पौर्णिमेपासून वैशाखापर्यंत जत्रांचा हंगाम, आणि देवबाग-तारकर्लीत पर्यटकांना स्कूबासाठी समुद्रात नेण्याचा हंगामही नेमका तोच; पावसाळ्यात दोन्ही बंद, म्हणून पूर्वीच्या नटाप्रमाणे हंगामात खेळ आणि पावसाळ्यात शेती हा हिशेब इथल्या तरुणाला आता होडीवरही जुळवता येतो, आणि तिथे रात्रभर जागावे लागत नाही.