कमान-पाटा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही हमरस्त्याने निघा, पंक्चरवाले, बॅटरीवाले आणि ढाबे यांच्या ओळीत 'कमान पाटा वर्क्स' अशी पाटी दिसतेच. पत्र्याची शेड, दारात भिंतीला टेकवलेल्या काळ्या पोलादी पट्ट्या, आत एक भट्टी आणि रुळाच्या तुकड्याची ऐरण. गिऱ्हाईक ट्रकचं, टेम्पोचं, कांदा नाहीतर टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपचं. पावसाळ्यात मात्र इथे आणखी एक गाडी येते: चिखलाने माखलेली, रुंद टायरांची, मागून एका अंगाला कललेली जीप. सह्याद्रीतल्या एखाद्या आडवाटेवर तिचा मागचा पाटा गेलेला असतो.

जीपच्या शौकिनांच्या गप्पांत टायरला मान असतो, विंचला असतो, टपावरच्या दिव्यांनाही असतो. पाटेवाल्या मिस्त्रीचं नाव सहसा कुणी काढत नाही. गाडी डोंगरातून स्वतःच्या चाकांवर घरी येते की दुसऱ्या गाडीच्या दोरीने, हे पुष्कळदा त्याच्याच हातकामावर ठरतं. म्हणून हा लेख त्याच्या कामाविषयी.

आधी वस्तू समजून घेऊ. एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा संच म्हणजे पाटा. आणि त्यातल्या प्रत्येक पट्टीलाही पाटाच म्हणतात. सगळ्यात वरचा आणि लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून गोल केलेली असतात. त्यांत बुश आणि पिन घालून एक टोक चासीवरच्या हँगरला पक्कं टांगतात, दुसरं शॅकलवर झुलतं ठेवतात, कारण कमान सपाट होताना पाट्याच्या दोन टोकांमधलं अंतर वाढतं आणि त्या वाढीला जागा लागते. सगळ्या पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट त्यांना ओळीत धरतो, आणि दोन यू बोल्ट सबंध संच चाकांच्या ॲक्सलच्या हाउसिंगवर आवळून ठेवतात.

या साध्या दिसणाऱ्या जुडीवर तीन कामं असतात. वजन झेलायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं, हाउसिंग पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू न देता जागेवर धरायचं. तिसरं, इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा झटका सोसायचा. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ही शेवटची दोन कामं करायला वेगळे दांडे असतात. पाट्याच्या गाडीत सगळा भरवसा त्या पट्ट्यांवर. त्यामुळे मेन पाटा तुटला की गाडी नुसती खाली बसत नाही. तिचं मागचं चाक आपली जागा सोडू शकतं, आणि उतारावर ते जिवावरचं असतं.

आपल्याकडे जीप आणि पाटा यांची सांगड जुनी आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, ती चारही चाकांना पाटे असलेली गाडी. पुढे एमएम ५४०, कमांडर, मग बोलेरो. १९८५ ची मारुती जिप्सीही पुढे-मागे पाट्यांचीच. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आला, मागचे पाटे राहिले. २०२० च्या नव्या थारमध्ये मागेही कॉइल आली. म्हणजे डोंगरात आज दिसणाऱ्या जुन्या जीप, जिप्सी, पहिल्या पिढीच्या थार, बोलेरो कँपर, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, या सगळ्यांची मागची बाजू अजून पाट्यांवरच आहे.

नाशिकहून ओझरकडे जाताना अशाच एका दुकानात मी तुटलेला मेन पाटा पहिल्यांदा नीट पाहिला. एका तरुणाची जीप इगतपुरीच्या बाजूला दगडावरून उतरताना धाडकन बसली होती. मिस्त्रींनी यू बोल्ट कापून संच खाली घेतला, पाटे सुटे केले, आणि तुटलेले दोन तुकडे रॉकेलच्या फडक्याने पुसून उजेडात धरले. मोडीवर दोन रंग होते. सेंटर बोल्टच्या भोकापासून वरच्या पृष्ठभागापर्यंत एक तपकिरी, गंजलेला, जवळजवळ गुळगुळीत पट्टा, आणि बाकीचा भाग करडा, दाणेदार, चकाकता.

"दादा, हा काल तुटला नाही," मिस्त्री म्हणाले. "वर्षभर तुटत होता. काल फक्त आवाज आला."

ही मोड वाचता येणं म्हणजे या धंद्यातली खरी विद्या आहे असं मला वाटतं. तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. प्रत्येक खड्ड्यागणिक ती केसभर पुढे सरकत गेली, आत पाणी शिरलं, गंज धरला. करडा भाग शेवटच्या एका धक्क्यात गेला. चीर भोकापाशी सुरू झाली याचा अर्थ यू बोल्ट सैल होते. ते घट्ट असतात तेव्हा पाट्याचा मधला भाग हाउसिंगवर दाबून धरलेला असतो, तो वाकतच नाही. ते सैल झाले की नेमकं भोक पाडलेलं, म्हणजे सगळ्यात दुबळं ठिकाण वाकायला लागतं. हीच मोड टोकाच्या वळणाजवळ असती तर मिस्त्रींनी बुश आणि पिन तपासली असती. यू बोल्टच्या बाहेर लागूनच असती तर गाडीवरचा बोजा विचारला असता. चीर बहुधा वरच्या अंगानेच का जाते, याचंही कारण आहे: भाराखाली कमान सपाट होते तेव्हा आतली, म्हणजे वरची बाजू ताणली जाते, आणि पोलादाला थकवा येतो तो ताणाने.

नुसता सेंटर बोल्ट तुटला तर लक्षणं वेगळी. त्या बाजूचं हाउसिंग जागेवरून सरकतं आणि गाडी तिरकी चालते. मिस्त्री मग टेप घेतात, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजतात. दोन मापं जुळली नाहीत की निदान झालं.

आता दुरुस्ती, आणि तिच्याबरोबर येणारी मागणी: "मिस्त्री, या वेळी असं करा की परत तुटायलाच नको." बहुतेकांच्या मनात याचा अर्थ जाड पाटे, जास्त पाटे. इथे थोडं गणित पाहावंच लागतं. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर ताठपणा सव्वापट किंवा दीडपट होत नाही, जवळपास २.४ पट होतो. शिवाय तेवढंच वाकवल्यावर जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताणही जास्त येतो. उलट सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर ताठपणा साधारण एक पंचमांशाने वाढतो. म्हणून जाणता मिस्त्री जाडी सहसा बदलत नाही. तो मधल्या लांबीचा एखादा पाटा वाढवतो, किंवा सगळ्यात खाली जाड, जवळजवळ सपाट हेल्पर बसवतो, जो गाडी भरल्यावरच कामाला लागतो.

आडवाटेच्या गाडीला तर वाकणारा पाटा हवाच असतो. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली लोंबकळून जमीन गाठायला हवं. पाटे ताठ झाले की ते चाक हवेत राहतं, गाडी अडते, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, आणि मग तुटतो तो ॲक्सल किंवा शाफ्टचा जॉइंट. मागची बाजू 'मजबूत' करून घेतल्यावर चासीला हँगरपाशी चिरा गेलेल्या जीप मी पाहिल्या आहेत. जो धक्का पाट्यात जिरायचा तो चासीला गेला होता.

खरी मजबुती दुसरीकडे आहे. दुसऱ्या पाट्याची टोकं मेन पाट्याच्या गोल टोकांभोवती सैलसर वळवून घेणं ही लष्करी गाड्यांतली जुनी युक्ती. मेन पाटा तुटला तरी हाउसिंग निसटत नाही. पाट्यांच्या जुडीला बांधणाऱ्या क्लिपा शाबूत असणं हे तितकंच महत्त्वाचं. चाक खाली लोंबतं तेव्हा क्लिपा नसतील तर खालचे पाटे सुटे पडतात आणि सगळी ओढ एकट्या मेन पाट्यावर येते. लोकांना क्लिपा शोभेच्या वाटतात, ट्रकवाल्यांनाही. तिसरी गोष्ट, वरचा रबरी ठोकळा. तो झिजला किंवा पडला असेल तर पाटा उलटा वाकेपर्यंत दाबला जातो. शे-दोनशे रुपयांचा रबर न बदलल्यामुळे हजारोंचा पाटा जातो.

चढावरचा एक त्रास वेगळाच असतो. लो गिअरमध्ये चाकांवरचा जोर अडीचपटीच्या आसपास वाढतो, आणि तो जोर हाउसिंगलाच उलटं फिरवू पाहतो. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो, सुटतो, परत पिळतो; मागची चाकं थडाथडा उड्या मारतात. त्याला उपाय म्हणून हाउसिंगपासून चासीपर्यंत एक दांडा लावतात. तो चासीच्या टोकाला शॅकलवर झुलता हवा, नाहीतर पाट्याच्या हालचालीलाच अडसर होतो. बाजारात पक्के आवळलेले दांडे बसवून मिळतात. ते घेऊ नयेत.

उतरलेली कमान परत चढवणं हा या दुकानांतला सगळ्यात देखणा भाग. बऱ्या बाजूच्या पाट्याची रेघ खडूने फरशीवर काढतात. बसलेला पाटा पोकळ ऐरणीवर आडवा धरून थंडच ठोकतात: घाव, अर्धा इंच सरक, घाव, अर्धा इंच सरक. घणाचं तोंड गोलसर, म्हणजे पृष्ठभागावर धारदार खाच पडत नाही. कारण प्रत्येक खाच ही उद्याची चीर. मधूनमधून पाटा खडूच्या रेघेवर ठेवून बघतात. खालच्या प्रत्येक पाट्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त वाक देतात. सुटे रचले तर मध्ये फट दिसते, आवळल्यावर ती मिटते आणि मेन पाटा भाराच्या उलट्या दिशेने आधीच दाबला जातो. कारखान्यात हेच हिशेबाने करतात, इथे हाताने.

भट्टीत लाल करून कमान काढणं सोपं, पण तिथे मी सावध राहीन. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं. त्याला ९०० अंशांच्या जवळ तापवून तेलात विझवायचं आणि मग पुन्हा ४५० ते ५०० अंशांवर नरम आणायचं, तेव्हा कुठे त्याला स्प्रिंगपण येतं. नुसतं तापवून, वाकवून, वाऱ्यावर ठेवलेला पाटा दिसायला झकास असतो आणि काही महिन्यांत पुन्हा बसतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको. टाक्याच्या कडेचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं.

चासीला मात्र वेल्डिंग चालतं, नीट केलं तर. चिरेचं टोक शोधून तिथे आधी छोटं भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग चीर भरायची आणि वरून पट्टी चढवायची, पण पट्टीची टोकं तिरकी कापलेली. सरळ कापली तर ताण एका रेषेत साचतो आणि चासी नेमकी तिथे परत तडकते. बॅटरीची वायर आधी काढायची, हेही आलंच.

डोंगरातच पाटा गेला तर काय? हाउसिंग आणि चासी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा, बाभळीचा मिळाला तर उत्तम, आणि हाउसिंग मागे सरकू नये म्हणून पुढच्या हँगरला साखळीने किंवा पट्ट्याने ताणून बांधायचं. वेग माणसाच्या चालीचा. तेवढ्यावर गाडी डांबरी रस्त्याला लागते.

ओझरच्या दुकानात त्या जीपला नवा मेन पाटा, टोकं वळवलेला दुसरा पाटा, नवे बुश आणि नवे यू बोल्ट लागले. जुना यू बोल्ट एकदा ताणला गेला की परत वापरत नाहीत. गाडी जमिनीवर टेकवून, स्वतःच्या वजनावर उभी करून मगच बुशच्या पिना शेवटच्या आवळल्या. हवेत आवळल्या असत्या तर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं. निघताना मिस्त्रींनी त्या तरुणाला बजावलं, दोनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट आवळायला परत ये, पैसे लागणार नाहीत. रंग आणि गंज दबून जातात, पाटे एकमेकांवर बसतात, आणि बोल्ट हमखास सैल पडतात. किती जण परत येतात, असं मी विचारलं. "ट्रकवाले येतात," ते म्हणाले. "जीपवाले पाटा तुटल्यावर येतात."

नव्या ट्रकांत आणि पिकअपमध्ये आता पॅराबोलिक पाटे येऊ लागले आहेत. संख्येने थोडे, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, एकमेकांना जवळपास न घासणारे. वजन कमी, गाडी मऊ चालते. पण जाडी इंचाइंचाला बदलत असल्याने तो घणाने ठोकून कमानीत आणता येत नाही, आणि संख्या कमी असल्याने एक गेला की उरलेल्यांवर सगळा भार येतो. असं काम आलं की हे मिस्त्री पाटा हातात घेऊन बघतात, टोकं तपासतात, आणि यात मला करण्यासारखं काही नाही असं सांगून नवा संच कुठे मिळेल त्या दुकानाचा पत्ता देतात.