विश्लेषण : शेजारी बसणारे अनोळखी विद्यार्थी एकत्र कसे शिकतील? भिवंडीसाठी ‘एक पडदा, अनेक माउस’चा धडा

अभ्यासिकेत रोज एकाच बाकावर बसणारे विद्यार्थी वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच गल्लीत राहणारी मुले वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत जातात आणि एकच धडा स्वतंत्रपणे शिकतात. तंत्रज्ञानाच्या मदतीने हे अंतर कमी करता येते का, यावर भारतात २५ वर्षांहून अधिक काळ प्रयोग झाले आहेत. त्यातून काय हाती लागले आणि भिवंडीसारख्या बहुभाषिक शहरात त्याचा उपयोग काय, याविषयी…

भिवंडीत हा प्रश्न महत्त्वाचा का?

यंत्रमाग आणि गोदामांचे शहर असलेल्या भिवंडीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच सात लाखांवर होती. मागावर काम करण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली कुटुंबे, जुने कोकणी मुस्लीम, आगरी आणि मराठी वस्ती असे हे शहर आहे. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषा घरोघरी बोलल्या जातात आणि शाळाही त्यानुसार विभागल्या गेल्या आहेत. दाटीवाटीच्या घरांत अभ्यासाला जागा नसते. त्यामुळे शाळेची खोली, वाचनालय किंवा अभ्यासिका हीच मुलांची हक्काची जागा ठरते. पण जागा एक असली तरी मुले आपापल्या माध्यमाच्या गटातच राहतात.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बालभारती आपली पाठ्यपुस्तके मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगूसह अनेक माध्यमांत काढते. गणिताच्या पुस्तकाची भाषा बदलते, धडे मात्र तेच राहतात. म्हणजे मराठी माध्यमातील नववीची मुलगी आणि उर्दू माध्यमातील नववीचा मुलगा एकाच वर्षी तीच बहुपदी आणि तीच प्रमेये शिकत असतात. एकमेकांना मदत करण्यासाठी लागणारा समान विषय तयारच आहे.

‘भिंतीतील संगणक’ प्रयोग काय होता?

डॉ. सुगाता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून वस्तीच्या बाजूने एक संगणक बसवला. शिकवायला कोणी नव्हते. मुले त्याभोवती गोळा झाली, एकमेकांना सांगत, चुकत तो वापरू लागली. पुढे देशात अनेक ठिकाणी असे संगणक बसले, त्यात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्हाही होता. हे संगणक वारंवार वापरणाऱ्या मुलांची गणितातील कामगिरी सुधारल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात नोंदवले गेले.

या प्रयोगावर टीकाही झाली. संशोधक पायल अरोरा यांनी २०१०च्या लेखात उत्तराखंडमधील दोन बंद पडलेल्या केंद्रांचे उदाहरण दिले. देखभालीची जबाबदारी कोणाची आणि गर्दीत माउस कोणाच्या हाती राहतो, हे प्रश्न तेव्हापासून कायम आहेत. शिक्षक नसलेल्या ठिकाणी दांडगा मुलगा पुढे आणि मुली मागे, असे सहज होते.

एका संगणकाला अनेक माउस जोडल्याने काय साधते?

हाच पेच सोडवण्याचा प्रयत्न बंगळूरुच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील संशोधकांनी २००६च्या सुमारास केला. एरवी संगणकाला दोन माउस लावले तरी पडद्यावर बाण एकच हलतो. त्यांनी प्रत्येक माउसचे संकेत वेगळे ओळखून त्याला वेगळ्या रंगाचा बाण देणारे सॉफ्टवेअर बनवले. चार-पाच मुले एकाच पडद्यासमोर बसली तरी प्रत्येकाच्या हातात काही तरी राहते.

नंतर २३८ शालेय मुलांवर इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याची चाचणी घेतली गेली. अनेक माउस वापरणारी मुले एकेकट्या संगणकावर बसलेल्या मुलांच्या बरोबरीने शिकली. खरी लक्षवेधी गोष्ट पुढची होती. ‘जो आधी क्लिक करेल तो जिंकला’ अशी रचना ठेवली, तेव्हा मुलांचे म्हणजे मुलग्यांचे गट कमी शिकले. एकमेकांना सहकार्य करायला लावणारी रचना ठेवल्यावर हा तोटा टळला. उपकरणे तीच होती, फक्त नियम बदलला होता.

अनोळखी माणसे नियमाने बोलू लागतात?

आयआयटी मुंबईत प्रथम वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात ‘विचार करा, जोडीने बोला, सर्वांना सांगा’ ही पद्धत वापरली गेली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहायचे, मग शेजाऱ्याशी पडताळायचे आणि शेवटी वर्गासमोर मांडायचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या काळात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले होते. आधी स्वतः काही लिहिलेले असल्याने शेजाऱ्याशी बोलायला विषय मिळतो.

दुसरे उदाहरण टेक्सासमधील ऑस्टिनचे. तिथल्या शाळांत कृष्णवर्णीय आणि गोरी मुले नव्याने एकत्र आल्यावर तणाव वाढला होता. मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले आणि धड्याचा एकेक तुकडा प्रत्येकाला दिला. सगळ्यांचे ऐकल्याशिवाय धडा पूर्णच होत नसे. त्यामुळे ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याचेही लक्ष देऊन ऐकावे लागले.

भिवंडीत हे कसे करता येईल?

अभ्यासिकेतील मोठ्या टेबलावर एक क्यूआर कोड लावता येईल. चार विद्यार्थ्यांनी तो स्कॅन केला की एकाच गणिताचे चार तुकडे चार मोबाइलवर, प्रत्येकाच्या माध्यमाच्या भाषेत येतील. एकाकडे आकृती, दुसऱ्याकडे दिलेली मापे, तिसऱ्याकडे सूत्र, चौथ्याकडे प्रश्न. उत्तर काढायचे तर आपला तुकडा दुसऱ्याला समजावून सांगावाच लागेल. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्यासाठी हेच तुकडे कागदावर छापता येतात. शाळेत जुना संगणक आणि तीन-चार जादा माउस पुरतात. लिनक्सवरील एक्स विंडो प्रणालीत २००९ पासून अनेक बाणांची सोय आहे.

मात्र शांतता हवी असणाऱ्यांचा हक्कही जपावा लागेल. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार अभ्यासिकेत येतो तो गप्पांसाठी नव्हे. त्यासाठी वेगळी खोली किंवा ठरावीक तास ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग. दुसरी काळजी माहितीची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. त्यामुळे नाव, मोबाइल क्रमांक न घेता चालणारी व्यवस्थाच योग्य ठरेल. मुलींच्या पालकांचा विश्वासही त्यावरच अवलंबून आहे.

शहराचा जुना अनुभव काय सांगतो?

भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे ठरलेल्या बैठकीला येत, वस्तीतील छोटे तंटे एकत्र सोडवत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांकडे कोणतेही ॲप नव्हते. नियमित भेट, मिश्र गट आणि दोघांनाही भेडसावणारे छोटे काम एवढेच होते.

क्यूआर कोड किंवा माउस हे काम सोपे करू शकतात. पण गट मिश्र कसा राहील, माउस कोणाच्या हाती असेल आणि बिघडलेले यंत्र कोण दुरुस्त करेल, हे शाळा, महापालिका आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनाच ठरवावे लागेल. सुरुवातीला एक टेबल, आठवड्यातील एक तास आणि नववीचे गणित एवढे पुरेसे आहे.